नाममुद्रा तुटते कुठे? : आपल्या संगीतातून केलेल्या रिंगटोनविषयी

पुसेगावात एका एकादशीच्या रात्री भजन रंगात आलेले असताना माझा मोबाइल वाजला. भजनात मोबाइल वाजणे आता नवे राहिलेले नाही. सगळे त्या दिशेला बघतात, ज्याचा मोबाइल तो खिसा चाचपत बाहेर जातो आणि पखवाज पुढे चालू राहतो. त्या रात्री मात्र भजन थांबले. कारण मोबाइलमधून आलेला आवाज याच मंडळाचा होता. आदल्या वर्षीच्या सप्ताहात मी त्यांचे रेकॉर्डिंग केले होते आणि त्यातल्या नामदेवांच्या एका अभंगाचा सुरुवातीचा तुकडा कापून रिंगटोन म्हणून लावला होता. मंडळी हसली. एक-दोघांनी कौतुकही केले. विणेकरी आबा तेवढे हसले नाहीत. भजन संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावले, तो तुकडा पुन्हा वाजवायला लावला, तीनदा ऐकला आणि म्हणाले, "गाणं ठेवलंस बाबा, अन् ज्याचं गाणं त्यालाच हाकललंस की. नामा कुठाय यात?"

त्यांचा राग परवानगी न घेतल्याचा असेल, असे मला आधी वाटले होते. तो रागही पुढे निघाला, पण त्यांचा पहिला प्रश्न हा होता. त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाच्या मागे केलेली पायपीट आहे.

आमचे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाणारे नरसी इथून फार लांब नाही. त्यामुळे नामदेवांचे नाव आमच्याकडे पुस्तकातून येत नाही, शेजारच्या गावातून येते. मी संगीताची कोणतीही परीक्षा दिलेली नाही. पेटी ऐकून शिकलो, ध्वनीविषयी जे कळते ते मोबाइल आणि संगणकावर गाणी कापता कापता कळले. तेव्हा या लेखात शास्त्रार्थ कमी आणि हाताला आलेले जास्त, हे वाचकांनी समजून घ्यावे.

तेरा सुरांचे नाव

रिंगटोनला समीक्षेच्या लायकीची रचना म्हणावे का, असा प्रश्न कोणीही विचारील. जगातली सर्वांत परिचित रिंगटोन घेऊ. नोकियाची ती धून स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ सालच्या 'ग्रान व्हाल्स' या रचनेतून उचललेली आहे. लक्षात घेण्यासारखी बाब अशी, की ती त्या रचनेच्या आरंभातून घेतलेली नाही. तेराव्या ते सोळाव्या मात्राखंडातले तेरा सूर तेवढे उचलले. मूळ रचना ऐकताना ते सूर येतात आणि निघून जातात. एकटे काढून ठेवल्यावर त्यांना सुरुवात आहे, वळण आहे आणि शेवटही आहे. ज्याने तो तुकडा निवडला त्याने काही नवे रचले नाही, पण त्याच्या कानाला तुकड्याचे पूर्णत्व कळले होते. हे संपादन आहे, आणि संपादनाची समीक्षा होऊ शकते.

१९९४च्या नोकिया २११० या फोनपासून ती धून वाजू लागली. काही काळ फोनच्या यादीत ती मूळ रचनेच्या नावाने होती. पुढे त्या जागी कंपनीचे नाव आले आणि ध्वनिचिन्ह म्हणून तिची व्यापारी नोंदणीही झाली. तारेगा १९०९ सालीच वारले होते. त्यांचे सूर जगभर रोज वाजले, पण ऐकणाऱ्यांच्या तोंडी नाव आले ते कंपनीचे. आबांच्या प्रश्नाचे पहिले रूप मला इथे दिसले. तुकडा कापला की नाव सैल होते, आणि सैल झालेल्या जागी दुसरे नाव येऊन बसते.

एक म्हणजे सा

आपल्या हाताने रिंगटोन करण्याची पहिली सोय सामान्य माणसाला मिळाली ती नोकिया ३३१० सारख्या फोनमधल्या 'कंपोझर'ने. हा फोन २००० साली आला आणि आमच्या भागात त्यानंतर तीन-चार वर्षांनी, बहुतेक वापरलेला म्हणून, पोचला. कंपोझरमध्ये १ ते ७ ही बटणे म्हणजे सात सूर. ८ आणि ९ने सुराची लांबी कमी-जास्त करायची, ० म्हणजे विराम, तारेच्या खुणेने सप्तक बदलायचे आणि # ने सूर अर्धा चढवायचा.

पाश्चात्त्य माणसाला १चे बटण 'सी' होते. आमच्या भजनातल्या पेटीवाल्याला ती पांढरी एक होती, म्हणून १ म्हणजे सा. २ रे, ३ ग, ४ म. कोमल गंधार हवा तर २ दाबून # लावायचा. ज्याला पेटीच्या पट्ट्या पाठ होत्या त्याला हे शिकवावे लागले नाही. कागदावर सरगम लिहून, तिच्याखाली आकडे मांडून मी पहिली चाल फोनमध्ये बसवली तेव्हा अख्खी दुपार गेली होती. पण ती चाल माझ्या फोनमध्ये कोणी भरून दिलेली नव्हती. बटणागणिक बसवलेली होती.

त्या चालीत काय हरवले, हेही सांगायला हवे. मींड हरवली. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे कंपोझरला येत नव्हते. पायरी चढावी तसे सूर एकामागून एक. याच उणिवेसाठी पेटीवरही एकेकाळी टीका झाली. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला बंदी केली होती आणि ती उठायला १९७१ उजाडावे लागले. नभोवाणीच्या अभिजनांनी बाहेर ठेवलेली पेटी त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनांनी मात्र सोडली नाही, कारण पेटीने गळ्याची नक्कल करावी अशी भजनाची अपेक्षाच नव्हती. तिने सूर धरून ठेवावा, एवढे पुरे होते. कंपोझरवरची चालही तशीच होती. तिच्यात शब्द नव्हते, ताल अंदाजाने होता, तरी ओळखणाऱ्याला चाल ओळखू येई आणि बाकीचे तो मनात भरून घेई.

तीस सेकंद आले कुठून

मग मेमरी कार्ड आले. बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानापुढे कार्ड भरून घ्यायला रांग लागायची. दुकानदार विचारायचा, "काय भरू? भक्ती, लावणी, भीमगीतं, का नवीन हिंदी?" त्या काळी मोठ्या आवाजाचे, दोन-दोन चार-चार स्पीकरचे चिनी फोन हातोहात दिसत. ओळख क्रमांक नसलेले असे फोन १ डिसेंबर २००९ पासून सरकारने बंद पाडले, पण तोवर लोकांना एक सवय लागून गेली होती. फोनमध्ये आता आख्खे गाणे वाजू शकते, ही. रिंगटोन करायची म्हणजे काही करायचेच नव्हते. गाणे निवडायचे आणि 'सेट' म्हणायचे. गाणे पहिल्या सेकंदापासून वाजे आणि फोन उचलला की तुटे.

किती वेळ वाजे? याला एक नियम आहे आणि त्याचा उगम संगीतात नाही. २०१९ साली दूरसंचार कंपन्यांनी घंटी वाजण्याचा अवधी वीस-पंचवीस सेकंदांवर आणला. त्या काळी एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, तर पहिल्या कंपनीला दुसरीला मिनिटाला सहा पैसे द्यावे लागत. घंटी लवकर तुटली की मिस्ड कॉल पडतो, समोरचा माणूस उलट फोन करतो आणि पैसे देण्याची पाळी त्याच्या कंपनीवर येते. या ओढाताणीवर ट्रायने नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल दिला. फोन उचलला किंवा तोडला नाही, तर मोबाइलची घंटी तीस सेकंद आणि लँडलाइनची साठ सेकंद वाजली पाहिजे. सहा पैशांची ती देवाणघेवाण १ जानेवारी २०२१ पासून संपली. तीस सेकंदांची चौकट राहिली.

दोह्याला मात्रांची चौकट असते, अभंगाला अक्षरांची. रिंगटोनला तीस सेकंदांची, आणि ती सहा पैशांच्या भांडणातून ठरली. आयफोनवर स्वतःची रिंगटोन करायची तर मर्यादा पुन्हा तीस सेकंदांचीच भेटते.

याच काळात कॉलर ट्यूनही घरोघर होती. ती रिंगटोनची बहीण वाटते, पण दोघींचा स्वभाव वेगळा आहे. रिंगटोन आपल्या फोनमध्ये राहते आणि आपल्या भोवतीचे लोक ऐकतात. कॉलर ट्यून कंपनीकडे राहते, फोन करणारा ऐकतो आणि तिचे भाडे चालू असते. यादीत असेल तेच घ्यायचे. आपल्या मंडळाचा अभंग त्या यादीत कुठून असणार? न मागता लागलेल्या अशा सेवांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१३ साली ट्रायने ग्राहकाची दुसऱ्यांदा संमती घेणे बंधनकारक केले. शिवाय कॉलर ट्यून बोलण्यासाठी बांधलेल्या मार्गाने येते. जुन्या जाळ्यात ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, म्हणून तीत सनई नाकातून बोलल्यासारखी आणि तबला पुठ्ठ्यावर वाजल्यासारखा येई. २०२०च्या मार्चपासून करोनाची सूचना त्याच जागेवर येऊन बसली, तेव्हा ती जागा आपली कधीच नव्हती हे सगळ्यांना कळले.

ध्रुपद राहिले, मुद्रा गेली

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो. अभंग गायचा म्हणजे आधी ध्रुपद. ते घोळवायचे, टाळकऱ्यांनी उचलायचे, मग एकेक चरण घेऊन पुन्हा ध्रुपदावर यायचे. शेवटच्या चरणात कर्त्याचे नाव येते. 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' ही ती नाममुद्रा. छापखाना नव्हता, मुखपृष्ठ नव्हते, तेव्हा शतकानुशतके रचनेची मालकी या दोन शब्दांनी सांभाळली. ती ओळीच्या आत, वृत्तात बसवलेली असल्याने गाणाऱ्याला टाळता येत नव्हती.

पंजाबात काय झाले ते पाहा. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला. आजच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. भाषा वेगळी, लिपी वेगळी, गाण्याची रीत वेगळी. तरी पदांच्या मथळ्यावर नामदेवांचे नाव आहे आणि पदांच्या आतही 'नामा' आहे. शेकडो मैल आणि कित्येक पिढ्या ओलांडून जे नाव टिकले, ते माझ्या मोबाइलमध्ये तीस सेकंदांत गळाले.

कारण मी सुरुवातीपासून कापले होते. माझ्या त्या रेकॉर्डिंगमध्ये अभंग दहा मिनिटांहून जास्त चालतो. पहिल्या तीस सेकंदांत पेटीचा सूर, आबांची एक हाक आणि ध्रुपद एवढेच येते. नाममुद्रा येते ती अगदी शेवटी. मेमरी कार्डाने लावलेली सवय माझ्या हातातही होती. गाणे म्हणजे त्याची सुरुवात. चित्रपटगीताला हे चालून जाते, कारण त्याची रचनाच आरंभीच्या वाद्यमेळाने किंवा मुखड्याने ओळख पटवण्याची असते. 'कोंबडी पळाली' किंवा 'झिंगाट' पहिल्या काही सेकंदांत ओळखू येतात आणि संगीतकाराचे नाव गाण्यात असण्याची अपेक्षा कोणीच करत नाही. अभंग उलट बांधणीचा आहे. त्याचे वजन शेवटाकडे आहे. चित्रपटगीताची कात्री अभंगाला लावली, ही माझी चूक होती.

चूक तालाचीही होती. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक आवर्तन चार सेकंदांचे होते. तीस सेकंदांत बसतात साडेसात आवर्तने. म्हणजे तीस सेकंदांचा तुकडा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, की खालीच्या जागी सम येऊन आदळते. ऐकणाऱ्याला नेमके काय बिघडले ते सांगता येणार नाही, पण टाळ वाजवणाऱ्याचा हात अडखळेल. तोच तुकडा २८ सेकंदांचा कापला तर सात आवर्तने पूर्ण होतात आणि पुनरावृत्ती समेवर येते. १६ सेकंदांचा केला तर चार. कंपनीच्या घड्याळाने कापायचे की ठेक्याच्या, हा निर्णय कापणाऱ्याचा असतो. म्हणूनच मी त्याला कर्ता म्हणतो.

छोट्या स्पीकरची निवड

कात्रीनंतर दुसरी चाळणी लागते ती मोबाइलच्या स्पीकरची. नखाएवढा तो पडदा खालचे सूर हलवूच शकत नाही. पखवाजाच्या धुमेचा घुमार, ढोलाची खोली, तंबोऱ्याचा खर्ज तिथे उरत नाही. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि छोटा स्पीकरही त्याच टापूत बरा बोलतो. म्हणून टाळ, सनई, संबळाची लहान कडकडीत बाजू, हलगीची थाप आणि बायकांचा चढा गळा बाजारच्या गलक्यातही ऐकू येतात. 'सैराट'च्या (२०१६) गाण्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला जाऊन केले होते. एसटीत एखाद्याच्या खिशात ते गाणे वाजते तेव्हा त्या वाद्यवृंदाचा बराचसा खालचा भाग खिशातच राहतो आणि ठेका तेवढा बाहेर येतो.

या चाळणीत आपली वाद्ये उत्तम निभावतात याचा मला आधी अभिमान वाटला. मग कारण लक्षात आले. हलगी मुळातच लांबवर ऐकू जाण्यासाठी आहे. दवंडी, मिरवणूक, लग्न, मयत. गावातला इशारा म्हणजे हलगी. रिंगटोन हा इशारा आहे, संगीत नव्हे, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच, की आपल्या गावात ही दोन कधी वेगळी नव्हती. वासुदेवाच्या चिपळ्यांनी पहाट व्हायची.

पण हलगी 'आपली' म्हणताना जरा थांबावे लागते. ती वाजवणे हे गावगाड्याने काही जातींवर टाकलेले काम होते. मोबदला नाममात्र, नकाराची सोय नाही. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेकांनी हे काम स्वाभिमानाने सोडले. आज सुखवस्तू घरातला तरुण हलगीची थाप हौसेने रिंगटोन म्हणून लावतो, तेव्हा वाजवणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक नसते आणि ती थाप कोणी कोणत्या सक्तीखाली वाजवली तेही नसते. आपल्या संगीतातून रिंगटोन करावी, हे म्हणणे सोपे आहे. 'आपल्या' या शब्दाचा हिशेब मात्र द्यावा लागतो.

रिंगटोनची सही

मूळ नाममुद्रा गळाली तरी रिंगटोन निनावी राहत नाही. तिला दुसरे नाव चिकटते, ते मोबाइल बाळगणाऱ्याचे. गावात रिंगटोनवरून माणूस ओळखू येतो. पाठमोरा असला तरी तो कोण, कोणाला मानतो, कोणत्या आळीतला, हे घंटी सांगते. लावणाऱ्याच्या मनात असो वा नसो, ती त्याची सही होते.

या सहीची किंमत महाराष्ट्राने २०१५ साली पाहिली. त्या वर्षीच्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांविषयीचे गाणे रिंगटोन म्हणून वाजले, ते बंद करायला सांगण्यात आले आणि त्यावरून मारहाण सुरू झाली, असे तेव्हा तक्रारीत नोंदले गेले आणि वृत्तपत्रांत आले. रिंगटोनविषयी लिहिताना ही घटना टाळून पुढे जाणे मला शक्य नाही. वामनदादा कर्डकांपासून प्रल्हाद आणि आनंद शिंद्यांपर्यंत भीमगीतांची जी परंपरा आहे, तिच्यात गाणे आणि ओळख वेगळी करता येत नाहीत. ते गाणे चौकात मोठ्याने वाजणे हाच त्याच्या अर्थाचा भाग आहे. मारणाऱ्यांना ते तुकड्यावरूनही समजले होते. तुकडा अर्थ पोचवत नाही, असे समीक्षकाने म्हणू नये.

आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथला एक आख्यायिका सांगतात. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. तिथल्या मंडळींना ते खपले नाही. जातीने शिंपी असलेल्या नामदेवांना त्यांनी मागच्या बाजूला जायला सांगितले. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. लहानपणी ही गोष्ट चमत्कार म्हणून ऐकली. आता ती मला एका जुन्या प्रश्नाची नोंद वाटते. कोणाचे गाणे कुठे वाजू द्यायचे, हे कोण ठरवणार? आख्यायिकेत देऊळ फिरते. शिर्डीत त्या दुपारी काही फिरले नाही.

म्हणून सगळ्यांनी कंपनीची मूळ धून ठेवावी, म्हणजे भांडण नाही, असे सुचवणारे भेटतात. अलीकडे फोन बहुधा थरथरण्यावरच ठेवलेले असतात, तेव्हा प्रश्न आपोआप सुटला असेही काही जण म्हणतात. मला हा उपाय वाटत नाही. ज्यांचे आवाज आधीच चौकात ऐकू येत होते त्यांचे त्यात काही जात नाही. ज्यांनी हातातल्या यंत्रातून आपले गाणे पहिल्यांदाच चौकात आणले, त्यांचे जाते.

जात्यावरची ओवी

तीस सेकंदांत सहज मावणारा, कापावाच न लागणारा एक प्रकार आपल्याकडे आहे. तो म्हणजे जात्यावरची ओवी. एक ओवी स्वतःत पूर्ण असते. तिला ध्रुपद नाही, शेवट गाठण्याची घाई नाही. जाते फिरते तशी ती फिरून येते, त्यामुळे पुनरावृत्ती तिच्या स्वभावातच आहे. ओवीला नाममुद्रा बहुधा नसते. मग तिचे नाव राखायचे कसे? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आता 'पारी' त्या प्रसिद्ध करते. त्यांनी ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले. ज्या रचनेत नाव गुंफलेले नाही तिच्या बाजूला नाव लिहून ठेवले. माझ्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्याला हा मोठा धडा आहे.

शेजारच्या एका काकूंची ओवी मी रेकॉर्ड केली. त्यांचा मुलगा पुण्याकडे कंपनीत कामाला. आईचा फोन आला की तीच ओवी वाजावी अशी त्याची इच्छा होती. मोबाइलमध्ये एकेका माणसासाठी वेगळी रिंगटोन लावता येते, हे मी काकूंना समजावून सांगितले. त्यांनी विचारले, "म्हंजी मी फोन केल्यावरच वाजंल ना? गाडीत, चार माणसांत वाजली तर?" वाजेल, असे मी म्हणालो. त्यांनी दोन दिवस विचार केला. मग देवाची ओवी बाजूला ठेवून भावाची ओवी निवडली आणि पुन्हा गाऊन दिली. चार माणसांत जाणार असेल तर कोणती जावी, हे गाणारीने ठरवले. मंडळाच्या रेकॉर्डिंगच्या वेळी मी हेच विचारायला विसरलो होतो.

कायद्यातही या प्रश्नाचा पडसाद आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खाजगी, वैयक्तिक रास्त वापराला वाव देते, त्यामुळे स्वतःच्या फोनपुरता तुकडा कापणे आणि तो कापून विकणे यांत फरक आहे. नामदेवांच्या शब्दांवर आज कोणाचा कॉपीराइट नाही, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्क वेगळे असतात. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८-ब कलाकाराला एक जास्तीचा हक्क देते: हे सादरीकरण माझे आहे, अशी ओळख मागण्याचा. मात्र वापराच्या रीतीमुळेच नाव गाळावे लागत असेल, तर तिथे सूट आहे. हे वाचताना मला आबा आठवले. तीस सेकंदांत नाव बसत नाही, अशी पळवाट कायद्याने ठेवली असेल. अभंगाने ती ठेवलेली नाही.

पुन्हा कापताना

शेवटी मी तो अभंग पुन्हा कापला, या वेळी शेवटाकडून. भजनात शेवटाकडे लय चढते, म्हणून शेवटच्या चरणाला वेळ कमी लागतो. 'नामा म्हणे' पासून सुरुवात केली. चरण पुरा होतो, मंडळ ध्रुपदावर परत येते, टाळ एकवटतात आणि सगळे तीस सेकंदांच्या आत बसते. काही जोडावे लागले नाही. उपाय त्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यापासून होता. मी चुकीच्या टोकाला कात्री लावत होतो एवढेच.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. संगणकावर ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पुरेसा आहे. मोबाइलवरही कापण्याची साधी अॅप मिळतात. ध्वनीची लाट जिथे शून्याला छेदते तिथे कापावे, म्हणजे सांध्यावर 'टक्' असा आवाज येत नाही. आवर्तने मोजून समेवर संपवावे. तयार तुकडा हेडफोनवर ऐकून समाधान मानू नये. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, घरातला गलका चालू असताना ऐकावा. आणि फाइलचे नाव बदलावे. रेकॉर्डरने दिलेला आकडा तसाच ठेवला तर पाच वर्षांनी तो आवाज कोणाचा हे आपल्यालाही सांगता येणार नाही. रचना कोणाची, गाणारे कोण, गाव कोणते, तारीख कोणती, एवढे तरी लिहावे. गाण्यात नाव येत नसेल तिथे फाइलच्या नावाने मुद्रेचे काम करावे.

पुढच्या एकादशीला मी नवा तुकडा मंडळाला भजनाआधीच ऐकवला आणि ठेवू का, असे विचारले. पखवाजवाले म्हणाले, माझा पखवाज कुठे गेला? स्पीकर लहान आहे, एवढेच मला सांगता आले. आबांनी या वेळी एकदाच ऐकला. "हां, आता नामा आला," म्हणाले, "पण भजनाला बसताना बंद ठेवत जा." त्यांचा स्वतःचा फोन अजून कंपनीने भरून दिलेल्या धुनेतच वाजतो. त्यांच्यासाठी एक तुकडा करून देतो म्हटले तर ते नको म्हणाले. त्यांना तो अभंग पूर्ण येतो.